पाणी पिणारी गाडी आणि थंड पडलेला हीटर

एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूरहून मूलकडे किंवा आष्टीहून आलापल्लीकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक दृश्य हमखास दिसतं. बॉनेट उघडं टाकलेली गाडी, सावलीचं झाड शोधून बसलेली माणसं आणि पाण्याची बाटली घेऊन इंजिनसमोर उभा असलेला चालक. वाफ ओसरली की तो पाणी ओततो, झाकण लावतो आणि गाडी पुढे निघते. आठ दिवसांनी तीच गाडी, तोच चालक, फक्त झाड दुसरं. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "ऊनच एवढं आहे, गाडी गरम होणारच."

हे उत्तर डॉक्टरांच्या चांगलंच ओळखीचं आहे. ताप आला, पॅरासिटामॉल घेतली, उतरला. पुन्हा आला, पुन्हा घेतली. तिसऱ्या आठवड्यात रुग्ण येतो तेव्हा ताप कशाचा होता हे शोधायला उशीर झालेला असतो. ताप हे लक्षण आहे, आजार नाही. गाडीचंही तसंच आहे. रेडिएटरमध्ये पुन्हा पुन्हा पाणी ओतणं म्हणजे कारण न शोधता तापाची गोळी देत राहणं.

आरोग्याच्या सदरात गाडीचा विषय कशाला, असं कुणी विचारेल. आमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. सिरोंचा किंवा भामरागडहून जिल्हा रुग्णालय गाठायचं तर कित्येक तास रस्त्यावर जातात आणि मध्ये बरंचसं जंगल आहे. अडलेली बाळंतीण, सर्पदंशाचा रुग्ण, मेंदूचा मलेरिया झालेलं मूल यांच्यासाठी गाडी हाच पहिला वॉर्ड असतो. ती वाटेत बंद पडली तर पुढच्या रुग्णालयातल्या सगळ्या सोयी असून नसल्यासारख्या. रुग्णवाहिकाच कशाला, गावातली एखाद्याची जीपसुद्धा रात्री-अपरात्री हेच काम करत असते.

ऊन आजार देत नाही, उघडा पाडतं

२०१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस चंद्रपुरात पारा ४८ अंशांच्या आसपास गेला होता. अशा उन्हातही धडधाकट गाडी चालते, कारण तिचं पाणी साधारण ९० अंशांवर असतं. बाहेर ३० अंश असतील तर पाणी आणि हवा यांच्यात ६० अंशांचा फरक असतो. बाहेर ४८ झाले की तो ४२ वर येतो. उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे तीस टक्क्यांनी घटते, पण संपत नाही. बनवणाऱ्यांनी तेवढी राखीव ताकद ठेवलेली असते. ज्या गाडीची राखीव ताकद आधीच खर्ची पडलेली आहे, म्हणजे जाळी तुंबली आहे, पाणी कमी आहे किंवा पंप थकला आहे, तीच मे महिन्यात वाफ सोडते. जानेवारीत तो आजार असतोच, फक्त दिसत नाही.

माणसाचं गणित मात्र याच्या उलट आहे आणि ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपलं शरीर ३७ अंशांवर चालतं. बाहेर ४५ अंश असतील तर हवा आपल्याला थंड करत नाही, उलट तापवते. मग आपल्याकडे घाम हा एकच मार्ग उरतो. म्हणून भर दुपारी गाडी बंद पडली की इंजिनपेक्षा आत बसलेल्या माणसांची काळजी आधी करायची. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा रुग्ण यांना बंद गाडीत बसवून ठेवू नये. सावलीत न्यावं, पाणी द्यावं, अंगावर ओलं कापड फिरवून वारा घालावा. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याची शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात आहे. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये, अंग गार करत राहावं आणि मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठावं.

उष्णता बाहेर जाते कशी?

इंजिनमध्ये जळणाऱ्या इंधनाची जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते. साधारण तेवढीच धुराड्यातून जाते आणि जवळपास तेवढीच इंजिनच्या धातूत उरते. ती काढून नेली नाही तर धातू वाकेल. हे काम कूलंट करतं. कूलंट म्हणजे पाणी, ग्लायकोल आणि गंज रोखणारी रसायनं यांचं मिश्रण. पंप ते इंजिनभर फिरवतो. समोरच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून जाताना ते हवेला उष्णता देतं आणि परत येतं. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राचे अवाढव्य मनोरे चंद्रपूरकर रोज बघतात. तिथेही मूळ काम हेच, पाण्याने उचललेली उष्णता हवेत सोडणं.

या वाटेवर दोन छोटे पहारेकरी असतात. पहिला थर्मोस्टॅट. त्यात मेणाची गोळी असते. पाणी ८० ते ९० अंशांच्या घरात तापलं की मेण फुगतं आणि रेडिएटरकडचं दार उघडतं. इंजिन थंड असताना ते बंद राहतं, म्हणून इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. दुसरा पहारेकरी म्हणजे रेडिएटरचं झाकण. त्याचं काम कुकरच्या झाकणासारखं आहे. आत दाब धरून ठेवला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर चिरलं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. काही शे रुपयांचं झाकण खराब असताना रेडिएटर बदलून घेणारे लोक कमी नाहीत.

आणि एक छोटी फांदी आत येते. डॅशबोर्डच्या मागे वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनचं तेच गरम पाणी त्यातून फिरतं, त्यावरून पंखा हवा ढकलतो आणि गाडीत गरम हवा येते. हाच हीटर.

न वापरलेला थर्मामीटर

आपल्याकडे हीटरकडे कुणी लक्ष देत नाही. वर्षाचे दहा महिने त्याची गरजच पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे वैनगंगेच्या काठाने किंवा भामरागडच्या जंगलातून जाताना काच आतून धुरकट होते. तेव्हा हीटर लागतो, आणि थंड हवा आली तर चालक फडक्याने काच पुसत गाडी हाकतो. हीटर बिघडला, उन्हाळ्यात बघू, असं म्हणून विषय मिटतो.

इथेच पहिली खूण हातची जाते. हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिन तापलेलं असताना त्यातून थंड हवा येते, याचा अर्थ गरम पाणी तिथपर्यंत पोहोचत नाही किंवा आतली झडप अडकली आहे. अनेक गाड्यांमध्ये हीटरची ही फांदी उंचावर असते. पाणी कमी झालं किंवा आत हवा शिरली की आधी तिथे हवा साठते. म्हणजे काटा लाल रेषेकडे जाण्याच्या कितीतरी आधी हीटर तक्रार करत असतो.

ही तपासणी कुणालाही करता येते. सकाळी थंड इंजिन सुरू करा. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, काटा नेहमीच्या जागी येऊ द्या. मग एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर ठेवा.

गरम हवा आली आणि काटा स्थिर राहिला तर ठीक.

काटा मध्यावर किंवा वर, पण हवा थंड असेल तर पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा हीटरच्या नळ्या तुंबल्या आहेत. हीटरकडे जाणारे दोन्ही पाईप गरम असूनही हवा थंड येत असेल तर दोष पाण्यात नाही, आतल्या झडपेत आहे.

उभ्या गाडीत हवा थंड आणि रेस दिली की गरम, असं असेल तर पाणी कमी आहे किंवा पंप कमजोर आहे.

काटा खालीच राहतो आणि हवा कोमट येते, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कुणीतरी तो काढून टाकला आहे.

पायाशी गालिचा ओला, गोडसर वास आणि काचेवर चिकट थर असेल तर हीटरच गळतो आहे. एसीचंही पाणी कधी पायाशी येतं, पण ते स्वच्छ असतं, चिकट नसतं.

वहीतून झालेलं निदान

एका सरकारी रुग्णालयाच्या डिझेल गाडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही गाडी रुग्ण घेऊन चंद्रपूरला ये-जा करायची. वर्षभरात तिचा रेडिएटर बदलला गेला, पंप बदलला गेला, एका ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकला गेला. दर वेळी पंधरा दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच. जमिनीवर थेंब नाही, पाईप कोरडे. चालकभाऊंचं म्हणणं एकच होतं, "पाणी पेते साहेब, पण जाते कुठं ते काही समजून नाही राहिलं."

आणखी एखादा भाग बदलण्याआधी मी त्यांना एक वही दिली. तापाच्या रुग्णाच्या पायाशी तक्ता लावतो, तशी. रोज सकाळी थंड इंजिनवर टाकीतली पातळी, किती पाणी घातलं, किती किलोमीटर झाले, गाडीत किती माणसं होती, हीटर गरम की थंड आणि रेडिएटरचा वरचा पाईप हाताला मऊ की कडक, एवढंच लिहायचं.

तीन आठवड्यांत वही बोलू लागली. गावातल्या गावात फिरण्याच्या दिवशी पाणी जवळपास जात नव्हतं. भरलेली गाडी लांब पल्ल्याला गेली की अर्धा लिटर गायब व्हायचं. पाणी भरल्यावर पहिल्या फेरीत हीटर गरम आणि दुसऱ्या लांब फेरीत थंड, हे जवळपास दर वेळी. आणि सर्वात महत्त्वाची नोंद म्हणजे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा पाईप सकाळीही कडक असायचा.

थंड इंजिनमध्ये दाब नसायला हवा. तो असेल तर गरम पाण्याशिवाय दुसरं काहीतरी दाब निर्माण करत आहे. इंधन जळताना तयार होणारा वायू पाण्याच्या वाटेत शिरत आहे, असाच त्याचा अर्थ. इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केटचा पातळ थर असतो. त्याच्या एका बाजूला दोन हजार अंशांच्या पुढे जाणारा जळता वायू, दुसऱ्या बाजूला पाणी. भार वाढला की तिथल्या बारीक फटीतून वायू पाण्यात जातो, पाण्याला ढकलून बाहेर काढतो आणि स्वतः उंचावरच्या हीटरमध्ये जाऊन बसतो. पाणी जमिनीवर दिसत नाही, कारण ते धावत्या गाडीत टाकीच्या वाटेने उडून जातं किंवा इंजिनमध्ये जळतं.

ही वही एका जुन्या डिझेल मेकॅनिकला दाखवली. त्यांनी दोनच चाचण्या केल्या. हातपंपाने थंड रेडिएटरमध्ये दाब भरला, तो हळूहळू उतरला आणि बाहेर कुठेही थेंब आला नाही. मग टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरून इंजिनला रेस दिली. पाण्यात जळका वायू असला की हे द्रावण रंग बदलतं. त्याने बदलला. हेड उतरवलं तेव्हा गॅस्केट एका जागी जळालेलं होतं आणि वारंवार तापून हेड किंचित वाकलं होतं. हेड सपाट करून घेतलं, गॅस्केट, झाकण आणि थर्मोस्टॅट नवा बसवला, योग्य कूलंट भरलं, हवा काढली. नंतरच्या वहीत महिनाभर "पाणी: शून्य" हाच शेरा होता. आधी बदललेल्या धडधाकट रेडिएटरचा आणि पंपाचा खर्च मात्र गेला तो गेलाच.

यात यंत्र कुठलंही महागडं नव्हतं. रुग्णाचा नीट घेतलेला इतिहास होता. हीटर जानेवारीतच थंड पडू लागला होता, हेही त्याच बोलण्यातून पुढे आलं. रुग्णालयात काय किंवा गॅरेजमध्ये काय, ज्याने रोज सोबत राहून पाहिलं त्याला नीट विचारलं की निम्मं निदान होतं.

पाणी जातं कुठे?

गाडी पाणी पीत असेल तर ते तीनच ठिकाणी जाऊ शकतं. बाहेर, गाडीच्या आत किंवा इंजिनमध्ये.

बाहेर जात असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला यावरून जागा कळते. पाईपच्या जोडांवर पांढरा-हिरवा सुकलेला थर दिसतो. पंप गळत असेल तर त्याच्या खालच्या छोट्या छिद्राजवळ ओघळ दिसतो. आत जात असेल तर गालिचा आणि काच सांगते. इंजिनमध्ये जात असेल तर पाईप सकाळी कडक, टाकीत सतत बुडबुडे, गरम झाल्यावरही पांढरा गोडसर धूर, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर. हा थर जाड असेल आणि ऑइलचाही रंग दुधाळ झाला असेल तर इंजिन अजिबात सुरू करू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

पाणी पुरेसं असूनही गाडी तापत असेल तर ती कधी तापते ते बघा. गर्दीत उभी असताना तापते आणि पळायला लागली की उतरते, तर समोरचा पंखा फिरत नसावा. उलट, वेगात किंवा भार असताना तापते, तर रेडिएटर तुंबला आहे किंवा पाणी नीट फिरत नाही.

रेडिएटर तुंबण्याची आमच्या भागातली कारणंही ऋतूप्रमाणे ठरलेली आहेत. एप्रिलमध्ये सावरीचा कापूस जाळीत जाऊन बसतो. धानाच्या हंगामात ब्रह्मपुरी-आरमोरीकडे तूस आणि पेंढ्याचा चुरा, सूरजागडच्या वाटेवर ट्रकने उडवलेली लाल धूळ, पावसाळ्यात नाले ओलांडताना उडालेला चिखल. नळीने हलकं पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारलं की यातलं बरंच निघून जातं. जोराच्या फवाऱ्याने मात्र नाजूक पाती वाकतात.

उपाय की अपाय?

उन्हाळी भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही सवयी आहेत. "आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅट काढून टाका" ही त्यातली पहिली. थर्मोस्टॅट काढला की इंजिन सतत कमी तापमानावर चालतं, इंधन जास्त पितं, लवकर झिजतं. काही इंजिनांमध्ये तर पाणी रेडिएटर टाळून आतल्या आत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. शिवाय काटा खाली राहिल्याने खरा आजार झाकला जातो. पोटदुखीच्या रुग्णाला निदानाआधी वेदनाशामक देऊन घरी पाठवण्यासारखं हे आहे.

दुसरी सवय म्हणजे बोअरचं पाणी. ज्या पाण्याने घागरीला पांढरा थर बसतो, तेच नळ्यांमध्येही थर बसवतं. अडचणीच्या वेळी कुठलंही स्वच्छ पाणी घाला, जीव वाचवणं आधी. पण नंतर ते काढून ठरलेलं कूलंट आणि शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाणी भरून घ्या. कूलंटचा हिरवा, निळा, गुलाबी रंग ही त्याची खरी ओळख नाही. दोन वेगळ्या जातींची रसायनं एकत्र आली की गंजरोधक निकामी होऊ शकतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच वापरावं.

तिसरी सवय हळदीची. गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकणारे चालक आजही भेटतात. बारीक फट तात्पुरती बुजतेही, पण तीच हळद हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. बाजारातल्या गळती थांबवणाऱ्या पावडरींचंही तेच.

रस्त्यात काटा वर गेला तर

एसी लगेच बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात लावा, खिडक्या उघडा. आतला छोटा रेडिएटर इंजिनची काही उष्णता ओढून घेतो, त्याने सुरक्षित जागा गाठण्यापुरता वेळ मिळतो. काटा तरीही चढत असेल किंवा वाफ दिसत असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. काटा एकदम खाली आला म्हणून खूश होऊ नका. पाणी संपलं की तापमान मोजणारा भाग कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलू लागतो.

यानंतर सर्वात मोठी जोखीम झाकणाची. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि पाण्याची क्षणात वाफ होऊन चेहरा, मान, छाती, हात भाजतात. गरम इंजिनचं झाकण उघडू नका. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाईप दाबून मऊ लागतो का बघा, मग जाड फडकं धरून हळूहळू, चेहरा लांब ठेवून झाकण फिरवा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणीही ओतू नका, धातूला तडा जातो.

भाजलंच तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. अंगठी, कडं, बांगड्या काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने झाका. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून भरपूर पाण्याने धुवा. चेहरा, डोळा, हात भाजले असतील किंवा भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल तर दवाखाना टाळू नका.

बाटलीतलं गोड विष

कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं आणि तीच त्याची घातक बाजू. सुमारे १०० मिलीलिटर पोटात गेलं तर प्रौढ माणूसही दगावू शकतो, मुलाला कितीतरी कमी पुरतं. सुरुवातीला माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो, म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. पुढच्या काही तासांत यकृत त्याचं आम्लात रूपांतर करतं, श्वास जोरात चालतो. शेवटी ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात आणि लघवी बंद होते. फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेलं इथेनॉल हे रूपांतर थांबवतं, गरज पडल्यास डायलिसिस करावं लागतं. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, उलटी न काढता, ती बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालयात यावं.

याच कुळातलं डायइथिलीन ग्लायकोल महाराष्ट्राने आधीच भोगलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिलं गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं खोकल्याच्या औषधानंतर मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या औषधात हेच रसायन ४८ टक्क्यांहून अधिक सापडलं. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. ती औषधातली भेसळ होती, गाडीच्या कूलंटशी तिचा संबंध नाही. पण या कुळातली रसायनं मूत्रपिंडाचं काय करतात, हे त्यातून कळतं.

म्हणून उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. गाडीतल्या तहानलेल्या माणसाला बाटलीतला फरक अंधारात कळत नाही. मूळ डब्यातच, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. काढलेलं जुनं कूलंट अंगणात, नालीत ओतू नका. कुत्री, शेळ्या, गुरं ते चाटतात. गॅरेजमध्येच डब्यात जमा करून द्या. इंजिनमध्ये भरलेल्या मिश्रणावर जगण्यासाठी अवलंबून राहायची वेळ कधीच येऊ नये, म्हणून गाडीत पिण्याच्या पाण्याचा वेगळा कॅन ठेवा.

होळीच्या आधी एका सकाळी हे सगळं तासाभरात होतं. थंड इंजिनवर टाकीतली पातळी, झाकणाचं रबर, पाईपांची लवचिकता, जाळीतला कचरा, एसी लावल्यावर फिरणारा पंखा आणि शेवटी हीटर. टाकीवर त्या दिवशीच्या पातळीची पेनाने खूण करा. महिन्याभराने पाणी त्या खुणेच्या खाली असेल तर नुसतं ओतू नका. तारीख लिहा, किती घातलं ते लिहा आणि तो कागद घेऊन मेकॅनिककडे जा. "गरम होते" एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने भाग बदलेल. कागद दाखवला तर तो कारण शोधेल. डॉक्टरकडे येतानाही हेच करा.